व्हिजिट 16 दिवसांवर आणि लॉग 3 महिने मागे

पत्र बरंच मोठं होतं, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय. लिहिणारी 29 वर्षांची आहे. महाराष्ट्रात बी.व्ही.एस्सी. केलं, दोन वर्षं तालुक्याच्या ठिकाणी गाई-म्हशी बघितल्या, मग नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडला आली. इथे जनावरांची डॉक्टर म्हणून काम करायचं तर रॉयल कॉलेजची (जनावरांच्या डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेची) वेगळी परीक्षा द्यावी लागते, ती नंतर बघू म्हणून सध्या एका छोट्या कुत्र्या-मांजरांच्या प्रॅक्टिसमध्ये, म्हणजे दवाखान्यात, स्टुडंट व्हेटर्नरी नर्स आहे, एक दिवस नर्सिंगचं कॉलेज आणि बाकी दिवस काम. 16 दिवसांनी कॉलेजची क्वालिटी ॲश्युरन्स व्हिजिट आहे. गेल्या 3 महिन्यांत माणसं कमी असल्यामुळे सुपरवायझरबरोबर (हेड नर्सच तिची सुपरवायझर आहे) जेमतेम 2 ट्यूटोरियल झाली आणि ऑनलाईन लॉग, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदी, तसाच पडलाय. हेड नर्स म्हणाली, ‘वीकेंडला बसून मागच्या तारखा टाकून भरून काढ, सगळ्यावर टिक करून घेऊ, आणि व्हिजिटच्या दिवशी सगळं छान आहे म्हण.’ हिला ते पटत नाहीये, पण कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा याच लोकांनी नोकरी दिली. शिवाय एकदा व्हेट (जनावरांचा डॉक्टर) टाके घालताना फोन आला म्हणून बाहेर गेला आणि कातडीचे उरलेले टाके हिने एकटीने घातले, ते सांगायचं का हाही प्रश्न आहे. शेवटी लिहिलंय, ‘ताई, माझं इन्स्पेक्शन आहे आणि मला रात्री झोप नाही. काय वाचू, काय बोलू, आणि हातातल्या बांगड्या काढाव्या लागतील का?’

—

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात ‘माझं इन्स्पेक्शन’ हे शब्द पाच वेळा आलेत. तिथूनच सुरुवात करते, कारण निम्मी भीती त्या ‘माझं’मध्ये आहे. अगं ही तपासणी प्रॅक्टिसची आहे. कॉलेजने तुमच्या प्रॅक्टिसला ट्रेनिंग प्रॅक्टिस म्हणून मान्यता दिलीये, म्हणजे इथे शिकणाऱ्या मुलीला पुरेशा केसेस मिळतात, शिकवायला रजिस्टर्ड नर्स किंवा व्हेट आहे, त्या माणसाला शिकवण्यासाठी वेळ काढून दिला जातो, एक्स-रे, ऑटोक्लेव्ह (हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र), भूल द्यायचं मशीन हे सगळं धड आहे, असं कॉलेज स्वतःच्या नावावर सांगतंय. ते खरं आहे का हे बघायला त्यांचा माणूस येतो. त्या कॉलेजवर डिप्लोमा देणाऱ्या संस्थेची नजर असते आणि त्या संस्थेवर रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सची. एवढी मोठी साखळी, आणि सगळ्यात खालची कडी म्हणजे तुला नीट शिकवलं जातंय का. तू परीक्षार्थी म्हणून नाही, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे ती म्हणून समोर बसणार आहेस. (रॉयल कॉलेजच्या प्रॅक्टिस स्टँडर्ड्स स्कीमची तपासणी वेगळी असते, औषधांच्या साठ्यासाठी व्हेटर्नरी मेडिसिन्स डिरेक्टोरेटची वेगळी. प्रॅक्टिसमध्ये सगळे ‘इन्स्पेक्शन’ असं एकच म्हणतात आणि विद्यार्थी उगाच घाबरतात, म्हणून सांगितलं.)

पण तू घाबरलीस यात तुझा दोष नाही, आपण तपासणी म्हणजे काय हेच तसं बघत आलोय ना. साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी शाळा झाडून काढायची, फळ्यावरचा सुविचार बदलायचा, हुशार पोरं पुढच्या बाकावर, आणि बाई सांगून ठेवायच्या की साहेबांनी विचारलं तर हो म्हणायचं. माझ्या कॉलेजात पण इन्स्पेक्शनच्या आठवड्यात शेजारच्या डिपार्टमेंटचे मायक्रोस्कोप उचलून आणून मांडलेले मी बघितलेत, साहेब गेले की संध्याकाळी परत. तपासणी म्हणजे सगळ्यांनी मिळून एक दिवस निभावून न्यायचा, हे आपल्यात इतकं मुरलंय की हेड नर्सने तुला जे सांगितलं ते तुला ओळखीचं वाटलं, आणि ओळखीचं वाटलं म्हणून नाही म्हणायला जड गेलं. बरोबर ना?

आता माझं सांगते. मी इथे स्टुडंट होते तेव्हा अगदी हेच केलंय. प्रॅक्टिसचं नाव सोड, आता तिथलं कुणी तिथे नाही. लॉग दोन महिने मागे होता, रविवारी बसून भरला, तारखा अंदाजाने टाकल्या आणि सुपरवायझरने सगळ्यावर एका दुपारी सही मारली. व्हिजिटला आलेल्या बाई शांत होत्या, चहा घेतला, आणि मग एका बाजूला माझा लॉग, दुसऱ्या बाजूला रोटा (कुणाची ड्यूटी कधी त्याचा तक्ता) ठेवून पेन्सिल घेऊन ओळीने बघायला लागल्या. एका कुत्र्याच्या हिप एक्स-रेची पोझिशन मी केली असं लिहिलं होतं, तारीख 14 जानेवारी. रोटावर माझ्या नावापुढे सुट्टी. संक्रांत होती आणि मी हळदीकुंकवाला लंडनमध्ये हाउन्स्लोला गेले होते. एक्स-रे मी खरंच केला होता, फक्त दुसऱ्या दिवशी, पण त्यांना ते कसं कळणार? त्यांनी आवाज चढवला नाही, एवढंच विचारलं की मग यातलं कुठलं खरं धरू. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन महिन्यांच्या सगळ्या नोंदी बाद झाल्या, त्यात खऱ्या केसेस होत्या, रात्री जागून सांभाळलेल्या, त्यापण गेल्या. मला ते पुन्हा करावं लागलं, पण त्याहीपेक्षा माझ्या सुपरवायझरची मान खाली गेलेली बघणं अवघड होतं. म्हणून तुला अगदी कळकळीने सांगतेय, मागची तारीख टाकून एकही ओळ भरू नकोस.

पण इथे एक फरक नीट लक्षात घे, कारण खूप मुली इथे गोंधळतात आणि मग घाबरून काहीच लिहीत नाहीत. उशिरा लिहिणं आणि खोटी तारीख टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुलैमधली केस तू आज लिहू शकतेस, जर ती खरंच तू केली होतीस, सुपरवायझरने किंवा दुसऱ्या रजिस्टर्ड माणसाने ती बघितली होती आणि प्रॅक्टिसच्या कॉम्प्युटरवर त्या जनावराचा रेकॉर्ड आहे. रेकॉर्ड उघड, केस नंबर घे (मालकाचं नाव-पत्ता लॉगमध्ये अजिबात नको), केस कधी झाली ती तारीख लिही आणि आज लिहितेय हेही लिही. ट्यूटोरियलचं मात्र तसं नाही. झालंच नाही ते झालं नाही. 2 झाली तर 2 लिही. जिथे रिकामं आहे तिथे रिकामं दिसू दे, तो रिकामा भाग हीच या व्हिजिटमधली सगळ्यात कामाची माहिती आहे, कारण त्यावरून कॉलेजला कळतं की प्रॅक्टिसमध्ये माणसं कमी पडतायत आणि शिकवायला वेळच नाही. तू तो भाग रंगवून टाकलास तर पुढच्या तिमाहीत पण तुझं हेच होणार.

आणि लिहिताना काय लिहायचं? तू पत्रात एक नोंद नमुना म्हणून पाठवलीस, ‘कुत्र्याला आयव्ही कॅथेटर लावला, व्यवस्थित झालं, खूप शिकायला मिळालं.’ यातून समोरच्याला काहीच दिसत नाही गं. तीच केस अशी लिहून बघ: 5 वर्षांची लॅब्राडॉर, 31 किलो, स्पेसाठी (मादीच्या नसबंदीसाठी) आलेली, पुढच्या उजव्या पायाच्या सेफॅलिक शिरेत 20 गेजचा कॅथेटर, केस कापून क्लोरहेक्सिडिनने जागा साफ केली, पहिल्यांदा शीर सटकली कारण मी कातडी पुरेशी ताणून धरली नव्हती, सुपरवायझरने अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवलं, दुसऱ्या वेळी थोडं वरच्या बाजूला घेतला, सलाईनने फ्लश करून सूज नाही हे बघितलं, टेप लावली. बघ, यात तुझी चूक आहे, कुणीतरी शेजारी उभं होतं हे आहे, आणि पुढच्या वेळी तू काय करशील तेही आहे. चुका लपवायच्या नसतात लॉगमध्ये, शिकणाऱ्या मुलीच्या शंभर नोंदीत एकदाही शीर सटकली नाही तर व्हिजिटला आलेल्या माणसाला शंका येणारच. अशा 10 नोंदी कर. पुढच्या 16 दिवसांत 10 होतात, त्या ‘व्यवस्थित झालं’वाल्या 60 नोंदींपेक्षा कितीतरी वजनदार.

तास पण बघून घे. रजिस्टर व्हायला प्रॅक्टिसमधले 1,800 तास लागतात, आठवड्याला 35 धरले तर 51 आठवड्यांच्या वर जातं, आणि त्यात सुट्टी, आजारपण, कॉलेजचा दिवस यातलं काही मोजलं जात नाही. टाइमशीट आणि रोटा जुळतात ना, एवढं एका संध्याकाळी बसून तपास.

आता हेड नर्सचं. इथे तुझ्यासमोर काय काय रस्ते आहेत ते तू पत्रात दोनच लिहिलेत, गप्प बसून भरायचं किंवा व्हिजिटच्या दिवशी सगळं सांगून टाकायचं. पहिल्याचं बोललो. दुसरा मला पटत नाही, म्हणजे खोटा नाहीये तो, पण ज्या बाईबरोबर तू रोज काम करतेस तिला बाहेरच्या माणसासमोर पहिल्यांदा कळणार की तुला हे मान्य नव्हतं, यात तिची पण पंचाईत आणि तुझी पण. मधे 16 दिवस आहेत ना, ते वापर. आधी तिच्याशीच बोल, तिच्यामागे कुणाला काही सांगायच्या आधी. शिफ्ट संपताना नको, ऑपरेशनची यादी सुरू असताना तर अजिबात नको, सकाळी लवकर जा. आणि ‘तुम्ही मला खोटं करायला सांगितलंत’ हे वाक्य घरी ठेवून जा. सांग की मागच्या तारखा मी टाकू शकत नाही, रोटाशी त्या जुळल्या नाहीत तर माझ्या खऱ्या केसेस पण बाद होतील आणि तुमच्या सहीवर प्रश्न येईल. हे खरं आहे आणि तिच्या भल्याचं पण आहे, तिचा रजिस्टर नंबर त्या सहीमागे असतो. मग लगेच मागणी ठेव, व्हिजिटच्या आधी तासाभराची 3 ट्यूटोरियल, तारीख-वेळ रोटावर लिहून. बरेचदा काय होतं, सुपरवायझर वाईट नसते, ती स्वतः दोन माणसांचं काम एकटी करत असते आणि व्हिजिट म्हटलं की तिलाही धडकी भरते. तुझ्या हेड नर्सचं ते वाक्य मला कपटाचं नाही वाटलं, थकलेल्या बाईचं वाटलं.

बोलणं झालं की त्याच दिवशी छोटासा ईमेल कर, काय ठरलं ते चार ओळीत, आभार मानून. तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून. आणि कॉलेजमधल्या तुझ्या ट्यूटरला पण आत्ताच कळव की या तीन महिन्यांत 2 ट्यूटोरियल झाली, आता वेळ ठरवून घेतलाय. त्यांना व्हिजिटच्या आधी माहिती असलं की व्हिजिटला येणारा माणूस प्रॅक्टिसला मदत करायच्या तयारीने येतो. हेड नर्स ऐकलीच नाही, किंवा तिने स्वतःच तुझ्या नावाने नोंदी भरल्या, तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी ट्यूटरला फोन.

तू लिहिलंस की खाल्ल्या मिठाला जागायला हवं. मला कळतं. बारा ठिकाणी अर्ज करून नकार घेतल्यावर जे दार उघडतं त्या दाराशी माणूस बांधला जातो, आणि त्यात आपण बाहेरून आलेले, आपल्याला वाटतं आपण जरा जास्तच गोड राहायला हवं. पण नीट बघ, त्यांनी तुला नोकरी दिली ती दान म्हणून नाही, तू सहा वाजता येऊन केनेल साफ करतेस, फोन घेतेस, रात्री ऑटोक्लेव्ह लावून जातेस. आणि मिठाला जागायचंच असेल तर त्यांच्या घराला भेग पडलीये हे त्यांना सांगणं हे पण जागणंच झालं ना? माझ्या हाताखालच्या एखाद्या मुलीने मला असं येऊन सांगितलं तर त्या क्षणी मला वाईट वाटेल, पण सहा महिन्यांनी मी तिलाच सगळ्यात जास्त मानेन. मी बारा वर्षं सुपरवायझर आहे, अनुभवाने सांगतेय.

मान्यता गेली तर, हा तुझा मोठा बागुलबुवा. सहसा असं एका दिवसात होत नाही. कमी आढळलं की आधी लेखी ॲक्शन प्लॅन देतात, हे हे अमुक तारखेपर्यंत करा म्हणून, आणि पुन्हा बघायला येतात. जनावराला किंवा माणसाला खरोखरचा धोका असेल तरच गोष्ट लगेच पुढे जाते. आणि समजा गेलीच, तर विद्यार्थिनीला दुसरीकडे जागा शोधायला कॉलेज मदत करतं, तुझ्या खऱ्या नोंदी आणि खरे तास तुझ्याबरोबर येतात. तुझा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर आहे असं तूच लिहिलंस, मग ‘व्हिसा जाईल’ ही भीती तुझ्या या नोकरीला लागू होत नाही, ती आधी मनातून काढ.

आता टाक्यांचं. इथे मी जरा कडक बोलणार आहे. ब्रिटनमध्ये जनावरावर उपचार करायचा हक्क 1966 च्या व्हेटर्नरी सर्जन्स ॲक्टने बांधलाय, आणि नर्सला जे करता येतं ते त्या कायद्याच्या शेड्यूल 3 मुळे, म्हणजे तिसऱ्या परिशिष्टामुळे. 1961 मध्ये इथे नर्सिंगची पहिली ट्रेनिंग स्कीम सुरू झाली तेव्हा त्यांना ‘नर्स’ म्हणायची पण सोय नव्हती, ॲनिमल नर्सिंग ऑक्झिलरी म्हणायचे. शेड्यूल 3 मध्ये नर्सना जागा मिळाली 1991 मध्ये, विद्यार्थ्यांना 2002 मध्ये. म्हणजे स्टुडंट म्हणून तू सुई लावतेस, रक्त काढतेस, टाका घालतेस, ते सगळं या एका परिच्छेदावर उभं आहे, आणि त्यात स्पष्ट आहे की विद्यार्थिनी छोटी शस्त्रक्रिया करत असेल तर व्हेट किंवा रजिस्टर्ड नर्सची देखरेख थेट, सतत आणि समोर उभं राहून हवी. फोनवर बाहेर गेलेला माणूस समोर नाही. तू चांगले टाके घातले असशील याबद्दल मला शंकाच नाही, तू तिकडे गाईचं सिझेरियन केलेलं आहेस. पण इथल्या रजिस्टरवर तू आज व्हेट नाहीस, आणि ती कुत्री ज्यांची आहे त्यांनी परवानगी दिली ती व्हेट आणि त्याच्या समोरच्या विद्यार्थिनीला.

म्हणून ते टाके लॉगमध्ये देखरेखीखाली केले म्हणून लिहायचे नाहीत. त्या व्हेटशी बोल, नुसतं एवढंच की त्या दिवशी तू बाहेर गेलास तेव्हा मी थांबायला हवं होतं, पुढच्या वेळी मी हात वर करून थांबेन. आणि खरंच थांब. भुलेत असलेलं जनावर दोन मिनिटं जास्त झोपलं तर चालतं, तोवर त्याच्यावर लक्ष ठेवायचं. हे बोलणं सुपरवायझरला पण सांगून ठेव. व्हिजिटच्या दिवशी तुला विचारलं की तुझ्यावर देखरेख कशी असते, तर जे आहे ते सांग, एकदा असं झालं, आम्ही बोललो, आता असं करतो. घडलेली चूक आणि त्यानंतर काय केलं हे एकत्र सांगता आलं की ऐकणाऱ्याला ती जागा जास्त सुरक्षित वाटते. आणि एक, ‘तू तर व्हेटच आहेस, कर की’ म्हणून कुणी बोक्याचं कॅस्ट्रेशन (खच्चीकरण) किंवा हत्यार लावून दात काढायला सांगितला तर तिथे नाही म्हणजे नाही, त्यात देखरेखीचा प्रश्नच येत नाही, ते नर्सच्या हद्दीतच नाही.

तुझी ती बी.व्ही.एस्सी.ची खंत पत्रात ओळीओळीत आहे, नखं कापायला पण सही लागते म्हणून. आपल्याकडे दवाखान्यात व्रणोपचारक आणि परिचर असतात, डॉक्टरच्या हाताखाली, आणि आपल्या डोक्यात ती उतरंड पक्की असते, त्यामुळे नर्स झालो म्हणजे पायऱ्या उतरलो असं वाटतं. इथे नर्सिंग हा वेगळा व्यवसाय आहे, 2007 पासून त्याचं स्वतःचं रजिस्टर आहे, स्वतःचा आचारसंहितेचा कोड आहे. भुलेतलं मांजर उठेपर्यंत त्याचं तापमान, श्वास, हिरड्यांचा रंग कोण बघत बसतं? व्हेट तोवर पुढच्या पेशंटकडे गेलेला असतो. तू ते बघायला शिकलीस तर पुढे रॉयल कॉलेजची परीक्षा दिलीस तरी चांगली डॉक्टर होशील, आणि नाही दिलीस तरी. त्यामुळे व्हिजिटला आलेल्या माणसाला ‘खरं तर मी डॉक्टर आहे’ हे पहिल्या पाच मिनिटांत सांगायची गरज नाही. विचारलं तर सांग.

काय वाचू म्हणालीस. फार नको वाचू. प्रॅक्टिसमधून एक फेरी मार, डोळे उघडे ठेवून. एक्स-रेचे लोकल रूल्स, म्हणजे तिथले सुरक्षेचे नियम, कुठे लावलेत, त्यावर तुझं नाव आणि सही आहे का, तुझा डोसीमीटर (किरणांचा डोस मोजणारा बिल्ला) तुझ्याच कोटाला आहे की ड्रॉवरमध्ये. कंट्रोल्ड ड्रग्जचं (कायद्याने कडक नियंत्रण असलेल्या औषधांचं) कपाट कुलपात आहे ना, रजिस्टर कोण भरतं, त्यात केटामीन का असतं (नोव्हेंबर 2015 पासून ते मेथाडोनसारखंच शेड्यूल 2 मध्ये आहे, हे शेड्यूल अमली औषधांच्या नियमांतलं, वरच्या कायद्यातलं नाही). भूल द्यायच्या मशीनची गळती सकाळी कोण तपासतं आणि कुठे लिहितं. अपघाताची वही कुठे, डोळे धुवायची बाटली कुठे, आणि ती एक्स्पायर तर नाही. माझ्या एका विद्यार्थिनीला व्हिजिटच्या वेळी एकच गोष्ट दाखवायला सांगितली होती, सुया टाकायचा पिवळा डबा. त्यावर जोडल्याची तारीख आणि सही हवी असते, ती नव्हती, आणि डबा रेषेच्या वर भरलेला. तिने तिथल्या तिथे सांगितलं की हा बंद करायला हवा, नवा जोडून तारीख घातली, आणि मग कुणी सांगितलं म्हणून नाही तर का, तेही सांगितलं, वर भरला की पुढची सुई टाकणाऱ्याच्या बोटात जाते. तेवढ्यावर त्या बाईंनी तिला दुसरं काही विचारलं नाही. फेरीत जे चुकीचं दिसेल ते हेड नर्सला आत्ता सांग, व्हिजिटची वाट बघू नको.

बोलायचं कसं, तर पाठ करून नाही. सहसा तुझ्याशी एकटीशी पण बोलतात, दहा-पंधरा मिनिटं, शिकायला वेळ मिळतो का, कुठली स्किल्स राहिलीत, अडचण आली तर कुणाकडे जातेस, असं साधं. राहिलेल्या स्किल्सची यादी कागदावर घेऊन जा, एखादी गोष्ट तुमच्या छोट्या प्रॅक्टिसमध्ये होतच नसेल, ससे-गिनीपिग फारसे येत नसतील, तर ते पण सांग, दुसऱ्या प्रॅक्टिसमध्ये काही दिवस जाऊन ते करायची सोय लावता येते. इंग्रजीचा ॲक्सेंट कळला नाही तर पुन्हा विचारायला सांग, हो हो करून मान हलवू नकोस, आपली ती सवय आहे आणि त्यात भलतंच मान्य करून बसतो आपण. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण आणि कुठे बघेन ते सांग.

झोप नाही हे मात्र मला आवडलं नाही. 16 दिवस असंच चाललं तर तू कामात चुकशील, औषधाचा डोस मोजताना. व्हेटलाईफ नावाची संस्था आहे, जनावरांच्या क्षेत्रातल्या सगळ्यांसाठी, नर्स आणि विद्यार्थी पण त्यात आले, रात्री-अपरात्री फोन करता येतो आणि नाव सांगावं लागत नाही. त्यांना फोन करायला काही मोठं संकटच यायला हवं असं नाही.

आणि बांगड्या. हो, काढाव्या लागतील, आणि फक्त व्हिजिटसाठी नाही, रोज. कोपराखाली काही नको हा नियम जंतुसंसर्गासाठी आहे, बांगडीखाली हात नीट धुतला जात नाही आणि मांजराचा पंजा तिच्यात अडकतो. मंगळसूत्र लांब असेल तर वाकल्यावर ते थेट जनावराच्या तोंडाशी लोंबतं, मी माझं आखूड करून घेतलं आणि ट्यूनिकच्या आत ठेवते. बांगड्यांसाठी लॉकरमध्ये एक छोटी डबी ठेव, घरी निघताना घालायच्या. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दिसतील.